आकाशातला माठ

जमखंडी, १८ ऑगस्ट १८६८

तुम्ही एका घराच्या मागच्या ओसरीवर उभे आहात. श्रावणातली अमावास्या आहे, मंगळवार आहे, गणपती तोंडावर आलेत. चूल पेटलेली नाही. दुधाच्या भांड्यावर, लोणच्याच्या बरणीवर, तुपाच्या तांब्यावर दर्भाच्या काड्या ठेवलेल्या आहेत, कारण ग्रहणाचे वेध लागलेत. कोपऱ्यात तिवईवर माठ आहे. त्यातले पाणी आता कोणी पिणार नाही. ग्रहण सुटले की ते ओतून द्यायचे, माठ घासायचा आणि आंघोळी करून नवे पाणी भरायचे, असा घरातल्या म्हाताऱ्या आजींचा हुकूम आहे.

माठाला हात लावा. बाहेरून ओला आहे, आणि गार. आत भरलेले थोडेसे पाणी मातीच्या भोकांतून पाझरते, वाऱ्याला लागून उडून जाते आणि जाताना उरलेल्या पाण्याची ऊब घेऊन जाते. हा ओला, गार स्पर्श लक्षात ठेवा. आपल्याला पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर जायचे आहे, आणि तिथेही हाच स्पर्श उपयोगी पडणार आहे.

आता बाहेर पडा. पटवर्धनांच्या या संस्थानी गावाबाहेर, मोकळ्या जागी, एक गोरा लष्करी अधिकारी दुर्बिणीपाशी उभा राहून आभाळाकडे पाहतो आहे. आभाळ पावसाळी आहे. पश्चिमेकडून ढगांचे थवे एकामागून एक येताहेत. हा लेफ्टनंट जॉन हर्शेल, वय ३० वर्षे. एरवी भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात जमीन मोजतो. आज लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याच्यावर सूर्य सोपवला आहे. युरेनस ग्रह शोधणारे विल्यम हर्शेल हे त्याचे आजोबा. दक्षिण आफ्रिकेत जाऊन दक्षिणेकडचे आकाश नोंदवणारे सर जॉन हर्शेल हे त्याचे वडील, आणि ते अजून इंग्लंडात हयात आहेत. या पोराच्या खांद्यावर दोन पिढ्यांचे आकाश आहे.

त्याच्या दुर्बिणीच्या टोकाला एक वर्णपटदर्शक जोडलेला आहे: एक बारीक फट आणि काचेचे लोलक. प्रकाश फटीतून आत शिरतो आणि लोलकांतून बाहेर पडताना रंगांच्या पट्ट्यात उलगडतो. जेमतेम आठ-नऊ वर्षांपूर्वी किर्खहोफ आणि बुन्सेन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की तापलेला वायू सगळे रंग देत नाही. तो मोजक्या रेषा देतो, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या. म्हणजे दूरचा उजेड नुसता पाहिला तरी तो कशातून निघाला ते सांगता येते. खग्रास ग्रहणात चंद्राच्या काळ्या कडेवर ज्या तांबड्या ज्वाळा दिसतात, त्या वायूच्या आहेत की आणखी कशाच्या, हा आजचा प्रश्न आहे. उत्तरासाठी मुदत आहे सुमारे पाच मिनिटे.

नऊच्या सुमारास उजेड पितळेसारखा होतो. कावळे झाडांकडे वळतात. गावातून आरोळी येते, "दे दान, सुटे गिऱ्हाण!" आणि तेवढ्यात, जणू कोणी वात खाली ओढावी तसा, दिवस मावळतो. हर्शेल डोळा भिंगाला लावून बसला आहे. त्याला दिसतो आहे तो ढग. एक मिनिट जाते. दुर्बिणीच्या चौकटीवरची त्याची बोटे पांढरी पडली आहेत. मग ढगांना एक भोक पडते.

त्याच्या खांद्यावरून वाका. अंधाऱ्या पट्टीत तीन रेषा पेटल्या आहेत. एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. बाकी सगळे काळे. ज्वाळा वायूच्या आहेत, हे एका नजरेत सिद्ध झाले. तो मोजपट्टीचे चाक फिरवून नारिंगी रेषेची जागा नोंदवू लागतो. ढग परत येतात.

सोडियमची, म्हणजे मिठातल्या धातूची, एक ठळक दुहेरी रेषा याच भागात असते. तिला डी म्हणतात. हर्शेलला आपली नारिंगी रेषा डीच वाटते. घाईत, ढगांच्या फटीतून, कोणालाही तसेच वाटले असते. पण ती सोडियमची नाही. तिच्या शेजारी, केसभर अंतरावर, ती एकटी उभी आहे. ज्या मूलद्रव्याचे नाव अजून कोणी ठेवलेले नाही आणि जे पृथ्वीवर कोणाच्या हाती लागलेले नाही, त्याने जमखंडीच्या माळावर स्वतःची ओळख दिली आणि ढगाआड गेले.

त्याच सकाळी पूर्वेला, गुंटूरला, आभाळ स्वच्छ होते. तिथे फ्रेंच ज्योतिर्विद झूल जान्सन यांनी त्या रेषांची झळाळी पाहून ठरवले की एवढ्या उजळ रेषा ग्रहणावाचूनही दिसायला हव्यात; आणि दुसऱ्या दिवशी, भर उन्हात, त्यांनी त्या पुन्हा पाहिल्या. २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर यांनीही, जान्सन यांची काही खबर नसताना, तीच युक्ती साधली. दोघांची पत्रे २६ ऑक्टोबरला पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत वाचली गेली. लॉकयर मात्र तिथे थांबले नाहीत. त्यांनी पिवळी रेषा पुन्हापुन्हा मोजली आणि ती डीच्या दोन्ही रेषांपासून वेगळी असल्याचे पाहून तिला डी-तीन म्हटले. कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना. म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून, हेलिओसवरून, त्या अनोळखी द्रव्याचे नाव पडले हेलियम.

विजयदुर्ग, २२ जानेवारी १८९८

आता समुद्र ऐकू येतो आहे. विजयदुर्गाच्या तटाखाली लाटा फुटताहेत, खाडीच्या तोंडाशी ब्रिटिश आरमाराचे जहाज उभे आहे आणि त्याचे खलाशी गेले कित्येक दिवस एका विचित्र कवायतीत गुंतले आहेत. कोणी सेकंद मोजायचे, कोणी छायाचित्राच्या काचा बदलायच्या, कोणी सूर्याभोवतालचे प्रभामंडळ कागदावर उतरवायचे. त्यांना शिकवणारे साठी ओलांडलेले गृहस्थ म्हणजे नॉर्मन लॉकयर.

कोकणात तुम्ही ऐकलेले असते की हेलियमचा शोध लॉकयर यांनी विजयदुर्गावरून लावला. किल्ल्यावर साहेबाचे कट्टे दाखवले जातात, आणि दर वर्षी १८ ऑगस्टला इथे हेलियम दिवस साजरा होतो. आज तुम्ही इथे आहात, तर नीट पाहून घ्या. १८६८ सालच्या त्या सकाळी लॉकयर इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गाला ते आले आज, तीस वर्षांनी, दुसऱ्या ग्रहणासाठी. लोकांच्या आठवणीने दोन ग्रहणे एकत्र विणली. पण त्या विणीत खोटेपणा नाही. माणूस खरा आहे, किल्ला खरा आहे, दुर्बिणीही खऱ्या. आणि १८६८ च्या चंद्राची सावली याच किनारपट्टीवरून देशात शिरली होती.

आजची खग्रास स्थिती दोन मिनिटांच्या आसपास. घाटावर, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणे रोखून याच सावलीची वाट पाहताहेत. इथे तटावर सावली समुद्रावरून धावत येते. खलाशी सेकंद मोठ्याने मोजतात. लॉकयर यांचे कॅमेरे सूर्याच्या कडेचा वर्णपट काचेवर उतरवतात.

त्यांचा चेहरा पाहा. सत्तावीस वर्षे त्यांचे मूलद्रव्य फक्त सूर्यात होते, आणि ते खरोखर आहे का याविषयी अनेक रसायनशास्त्रज्ञांना शंका होती. तीन वर्षांपूर्वी, मार्च १८९५ मध्ये, लंडनमध्ये विल्यम रॅम्झी यांनी क्लेव्हाइट नावाचे युरेनियमचे खनिज आम्लात घातले. त्यातून निघालेला वायू काचेच्या नळीत भरून वीज सोडली, तर नळी पिवळी उजळली. आणि वर्णपटात तीच रेषा, डी-तीन, जागच्या जागी. सूर्यातला म्हणून नाव दिलेला वायू पायाखालच्या दगडात निघाला होता. आज ग्रहणाच्या अंधारात सूर्याकडे पाहणाऱ्या लॉकयर यांना कोणाला काही पटवून द्यायचे उरलेले नाही. ते नुसते पाहताहेत.

डेक्स्टर, कॅन्सस, १९०३

अमेरिकेतल्या एका लहान गावाबाहेर गर्दी जमली आहे. विहीर खोदताना जमिनीतून वायूचा जोरदार फवारा लागला आहे. आता कारखाने येणार, गाव श्रीमंत होणार. समारंभासाठी गवताचा एक भारा पेटवून फवाऱ्याकडे ढकलतात. लोक श्वास रोखून भडक्याची वाट पाहतात. भारा विझतो. पुन्हा पेटवतात, पुन्हा विझतो. गर्दी हिरमुसून पांगते.

तुम्ही मात्र थांबा. या वायूचा नमुना कॅन्सस विद्यापीठात जाईल. तिथले रसायनशास्त्रज्ञ हॅमिल्टन केडी आणि डेव्हिड मॅकफार्लंड तो नारळाच्या कोळशावरून, द्रवरूप हवेच्या थंडीत नेतील. कोळसा बाकीचे वायू शोषून घेईल आणि जे शोषले जाणार नाही ते उरेल. १९०५ च्या डिसेंबरात त्या उरलेल्या वायूत त्यांना पिवळी रेषा दिसेल. डेक्स्टरच्या वायूत १.८४ टक्के हेलियम आहे.

हा वायू तिथे आला कुठून? खडकातले युरेनियम आणि थोरियम अतिशय सावकाश फुटत असतात. प्रत्येक वेळी त्यांतून जो अल्फा कण निसटतो, तो दुसरे काही नसून हेलियमच्या अणूचे केंद्रक असते. वाटेत दोन इलेक्ट्रॉन पकडले की हेलियमचा अणू पूर्ण होतो. असे अणू कोट्यवधी वर्षे खडकांखाली साठत राहतात. वर निसटलेला अणू हवेत फार काळ टिकत नाही. तो इतका हलका आहे आणि इतका कोणातही न गुंतणारा, की वातावरणाच्या माथ्यावरून हळूहळू अंतराळात निघून जातो. पृथ्वीला हेलियम धरून ठेवता येत नाही.

लायडन, १० जुलै १९०८

हॉलंडमधल्या या प्रयोगशाळेत पहाटे पावणेसहाला काम सुरू झाले आहे. पंप धडधडताहेत, काचेच्या दुहेरी भिंतींच्या भांड्यांवर दव गोठले आहे. हाइके कामेर्लिंग ओन्नेस यांनी आज सगळी पुंजी पणाला लावली आहे. हवा द्रव झाली, हायड्रोजन द्रव झाला. जगातला प्रत्येक ज्ञात वायू माणसाने थंड करून पाण्यासारखा करून दाखवला. फक्त हेलियम राहिला आहे.

थंडीची उतरंड लावलेली आहे. द्रव हवेने हायड्रोजन थंड करायचा, द्रव हायड्रोजनने हेलियम. एक पायरी घसरली तर महिन्यांची मेहनत वाया. ओन्नेस उपकरणापासून हलत नाहीत. दुपारी त्यांची पत्नी येते आणि त्यांच्या हातांना फुरसत नाही म्हणून त्यांना घास भरवते.

संध्याकाळी साडेसात. द्रव हायड्रोजन संपत आलेला. तापमापकाचा आकडा बराच वेळ एका जागी खिळला आहे, आणि भांड्यात काहीच दिसत नाही. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. बघायला आलेले एक सहकारी प्राध्यापक सुचवतात, आकडा खिळला याचा अर्थ तापमापक द्रवात बुडालेला असेल. खालून उजेड टाकून पाहा. दिवा खाली धरला जातो. आणि भांड्यात एक पातळी दिसते, काचेला टेकलेली, सुरीच्या धारेसारखी स्पष्ट. द्रव हेलियम तिथे आधीपासून होते. इतके पारदर्शक, की नजर त्याच्यातून आरपार जात होती.

जेमतेम ६० घनसेंटिमीटर, म्हणजे औषधाच्या बाटलीभर. तापमान उणे २६९ अंश सेल्सिअस, केवल शून्याच्या वर चार अंश. इतकी थंड जागा त्या दिवशी पृथ्वीवर दुसरी नव्हती.

हेलियम इतके हट्टी का, ते इथे उभे राहिल्यावर उमगते. दुसऱ्या वायूंचे अणू किंवा रेणू एकमेकांना थोडे तरी ओढतात, म्हणून थंडीत ते एकत्र येऊन द्रव होतात, गोठतात. हेलियमचे अणू एकमेकांनाही जवळपास ओढत नाहीत. निष्क्रिय वायूंच्या कुळात हा सर्वांत अलिप्त. साध्या दाबाखाली तो केवल शून्यालाही गोठत नाही. ज्या स्वभावामुळे डेक्स्टरमध्ये लोक हिरमुसले, तोच स्वभाव आता थंडीची किल्ली आहे: ज्या थंडीत बाकीचे सगळे दगड होतात, तिथे हेलियम वाहते.

स्लाउ, इंग्लंड, १८००

शंभरेक वर्षे मागे या. फक्त क्षणभर. खोलीत खिडकीच्या फटीतून ऊन येते आहे, लोलकातून फाकून टेबलावर रंगांचा पट्टा पडला आहे. एकसष्ट वर्षांचे विल्यम हर्शेल एकेका रंगात तापमापक ठेवून पाहताहेत. जांभळ्यात थोडी ऊब, हिरव्यात जास्त, तांबड्यात त्याहून जास्त. मग ते तापमापक तांबड्याच्याही पलीकडे सरकवतात, जिथे टेबल नुसते रिकामे आहे. पारा आणखी चढतो.

डोळ्याला न दिसणारा हा उजेड म्हणजे अवरक्त किरण. नातवाला जमखंडीत पट्ट्यातली एक रेषा दिसेल. आजोबांना पट्टा संपल्यानंतरचा अंधार दिसला. या दोन्ही गोष्टी आता एकाच अग्निबाणावर चढणार आहेत.

कुरू, फ्रेंच गयाना, १४ मे २००९

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा दमट सकाळचा उकाडा. जंगलापलीकडे एरियन-५ अग्निबाण उभा आहे. त्याच्या डोक्यावर युरोपीय अंतराळ संस्थेची दुर्बीण आहे, साडेसात मीटर उंच, साडेतीन मीटर व्यासाच्या आरशाची. विल्यम आणि त्यांची ज्योतिर्विद बहीण कॅरोलिन यांच्यावरून तिचे नाव ठेवले आहे हर्शेल. ती अवरक्त किरण पाहणार आहे.

आधी अग्निबाणाकडे पाहा, कारण हेलियम तिथेच कामाला लागलेले आहे. मुख्य टाक्यांत द्रव ऑक्सिजन आहे, उणे १८३ अंशांवर. आणि द्रव हायड्रोजन, उणे २५३ वर. तेलाचा डबा उपडा करताना तुम्ही दुसऱ्या टोकाला भोक पाडता, नाहीतर तेल गुडगुडत अडखळते, कारण गेलेल्या तेलाची जागा भरायला आत हवा शिरावी लागते. अग्निबाणाची टाकी काही मिनिटांत भराभरा रिकामी होत जाते. आत दाब राहिला नाही, तर पंपाला द्रव पुरणार नाही आणि पातळ भिंती चेपतील. पण जागा भरायची कशाने? या थंडीत टिकेल, ऑक्सिजनशी पेट घेणार नाही आणि वजनाला हलका असेल असा वायू हवा. एरियनच्या ऑक्सिजनच्या टाकीत हे काम हेलियम करते. हायड्रोजनच्या नळ्या आधी झाडून साफ करायच्या, तर तिथेही हेलियमच लागते. नायट्रोजन घातला तर त्या थंडीत त्याचा बर्फ होईल आणि झडपा जाम होतील. चंद्रावर माणसे नेणाऱ्या सॅटर्न-५ मध्येही हेलियम असेच पडद्याआड राबले होते.

१० वाजून १२ मिनिटे. जमीन हादरते, पांढरा धूर जंगलावर लोळतो, आणि अर्ध्या तासाच्या आत हर्शेल दुर्बीण अग्निबाणापासून सुटी होते.

पंधरा लाख किलोमीटरवर

तुम्ही आता तिच्याबरोबर आहात. सूर्य, पृथ्वी, चंद्र सगळे एका बाजूला. दुर्बिणीने त्या सगळ्यांकडे छत्री धरून पाठ केली आहे. समोर फक्त काळोख. कुठलाही आवाज नाही.

अवरक्त किरण पाहायचे म्हणजे ऊब पाहायची. आणि ऊब असलेली प्रत्येक वस्तू स्वतःच अवरक्त उजेड फेकत असते. पेटती मशाल हातात घेऊन काजवे शोधायला निघालात, तर काजवे दिसणार नाहीत. आधी आपली मशाल विझवावी लागते. तारे जन्मण्याआधीचे वायूचे ढग केवल शून्याच्या वर जेमतेम दहा-वीस अंशांवर असतात. त्यांचा मंद उजेड टिपणारी उपकरणे त्यांच्याहूनही कितीतरी थंड हवीत.

म्हणून दुर्बिणीच्या पोटात एक प्रचंड माठ आहे. त्यात २,३०० लिटरहून जास्त द्रव हेलियम भरले आहे.

हे हेलियम लायडनच्या भांड्यातल्याहूनही थंड आहे, केवल शून्याच्या वर दोन अंशांहून कमी. इतक्या थंडीत ते अतिप्रवाही होते. त्याला घर्षण उरत नाही. ते भांड्याच्या भिंतीवरून पातळ पापुद्र्यासारखे चढते आणि बारीकशा फटीतूनही निसटते. शिवाय इथे वजन नाही, त्यामुळे वर-खाली असे काही नाही. द्रवाला तळाशी बसायचे हे ठाऊकच नाही. मग नुसती वाफ बाहेर जावी आणि द्रव आत राहावे, हे साधायचे कसे?

माठाच्या तोंडाशी एक सच्छिद्र बूच बसवलेले आहे. अतिसूक्ष्म भोकांचे. त्यातून वाफ पाझरते, द्रव अडते. हात लावून पाहता आला असता, तर तुम्हाला ओसरीवरचा तो माठ आठवला असता. तीच युक्ती आहे: थोडे जाऊ द्यायचे, म्हणजे उरलेले गार राहते. बाहेर पडणारी गार वाफही फुकट जात नाही. ती नळ्यांतून आधी उपकरणांजवळून, मग एकावर एक चढवलेल्या आवरणांभोवती फिरवली जाते. येणारी ऊब तिने वाटेतच उचलायची, आणि मग अंतराळात सोडून द्यायची. यातल्या दोन उपकरणांचे उजेड टिपणारे भाग याहूनही थंड, केवल शून्याच्या वर एका अंशाच्या तिसऱ्या हिश्श्यावर आहेत. तिथपर्यंतची शेवटची पायरी हेलियम-३, हेलियमचाच एक विरळा, हलका भाऊ, उतरून देतो.

या गारव्यातून दुर्बिणीने काय पाहिले! आकाशगंगेत वायूचे लांबच लांब धागे, आणि त्या धाग्यांवर मण्यांसारखे ओवलेले, जन्माला येऊ घातलेले तारे. हार्टली-२ नावाच्या धूमकेतूच्या पाण्यात जड हायड्रोजनचे प्रमाण आपल्या समुद्रांसारखेच निघाले, तेव्हा पृथ्वीवरचे काही पाणी धूमकेतूंवरून आले असावे या विचाराला बळ मिळाले. सेरीस या बटुग्रहाभोवती पाण्याची वाफ सापडली.

जमखंडीत तुम्ही हेलियमला ढगाआड जाताना पाहिले होते. गेली दीडशे वर्षे माणूस त्याला धरायला पाहतो आहे: वर्णपटात, नळीत, काचेच्या भांड्यात, टाकीत. या माठापाशी उभे राहिल्यावर कळते की हेलियम धरून ठेवण्यासाठी नाहीच. ते कोणाशी जळत नाही, कोणाशी बांधले जात नाही. त्याच्याजवळ द्यायला एकच गोष्ट आहे, ती म्हणजे निघून जाणे. प्रत्येक अणू जाताना थोडी ऊब घेऊन जातो, आणि तेवढ्या वेळापुरते आकाश दिसते.

डार्मश्टाट, जर्मनी, २९ एप्रिल २०१३

नियंत्रण कक्षात दुपार. दुर्बिणीशी रोज ठरलेल्या वेळी संपर्क होतो. आजचा संपर्क पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अँटेनावरून होतो आहे. सगळ्यांना माहीत आहे की दिवस जवळ आला आहे. हेलियम किती उरले याचा हिशेब महिनोन्‌महिने चालू होता, आणि निरीक्षणांची यादी त्या बेताने आखली होती. जे सर्वांत महत्त्वाचे ते आधी.

पडद्यावर आकडे येतात. तापमान चढलेले आहे. एका उपकरणाचे नाही, सगळ्यांचे.

कुठे काही तुटलेले नाही. दुर्बीण धडधाकट आहे, आरसा निर्मळ आहे, वीज आहे. फक्त माठ रिकामा झाला आहे. जवळजवळ चार वर्षे गाळत-गाळत तो आज संपला. इथून पंधरा लाख किलोमीटरवर जाऊन तो भरणारे कोणी नाही. उपकरणे आपल्याच उबेने आंधळी होत जातील. जमखंडीत नातवाला ढगांच्या फटीतले काही क्षण मिळाले होते, इथे आजोबांच्या नावाच्या दुर्बिणीला जवळजवळ चार वर्षे मिळाली. पाहण्याला दोन्हीकडे मुदत होती, आणि दोन्ही हर्शेलांनी ती पाहण्यातच घालवली.

काही महिन्यांनी, दुर्बीण कायमची बंद केल्यानंतर, तिने साठवून ठेवलेल्या नोंदींतून शास्त्रज्ञ एक गोष्ट वाचतील. खेकडा तेजोमेघात, एका ताऱ्याच्या स्फोटाच्या अवशेषांत, आर्गॉन आणि हायड्रोजन यांचा जोडलेला आयन त्यांना सापडेल. निष्क्रिय वायूचा अणू दुसऱ्या अणूशी बांधला गेलेला अंतराळात प्रथमच दिसला, आणि तो पाहणाऱ्या डोळ्याला गार ठेवले होते दुसऱ्या निष्क्रिय वायूने.

आणि ते हेलियम? कोट्यवधी वर्षे पृथ्वीच्या खडकात दबलेले, माणसाने उपसलेले, माठातून पाझरून गेलेले. त्याच्या अणूंवर ऊन पडते आहे. कधीतरी उन्हाने त्यांच्यातला एखादा इलेक्ट्रॉन उडेल, आणि सूर्याकडून अखंड वाहणारा सौरवारा त्यांना सोबत घेऊन जाईल. त्या वाऱ्यात सूर्यातून निघालेली हेलियमची केंद्रकेही असतात. दगडातले आणि सूर्यातले, दोन्ही हेलियम एकाच वाटेने ग्रहांच्या पलीकडे निघाले आहेत.

जमखंडी, १८ ऑगस्ट १८६८

ग्रहण सुटले आहे. ढगांतून धुवट ऊन पडले आहे. माळावर लेफ्टनंट हर्शेल वहीत तीन रंग लिहून काढतो आहे, आणि नारिंगीपुढे डी हे अक्षर. त्याची नोंद प्रामाणिक आहे. त्याने जे पाहिले ते पाहिले. त्याचे नाव दुसरे कोणी ठेवील.

तुम्ही ओसरीवर परत या. आजी न्हाऊन आल्या आहेत, केस अजून ओले आहेत. त्यांनी माठ उचलून जुने पाणी तुळशीपलीकडे ओतले, आतून हात फिरवून घासला, आणि आता सून विहिरीवरून घागर घेऊन आली आहे. पाणी माठात पडताना आवाज आधी पोकळ, मग भरीव होत जातो. एक पोरगा केव्हाचा ताटकळलेला आहे. माठ भरताक्षणी तो फुलपात्र बुडवतो, घोट घेतो आणि तोंड वाकडे करतो.

"आजी, पाणी गार नाही."

"आत्ताच तर भरलंय, बाळा," आजी म्हणतात. "थोडं पाझरू दे की."